सोडलं तिथून पुढे: खुणा लक्षात ठेवणारा प्लेयर निवडायची कृती

घाटकोपरहून सुटलेली मेट्रो वीस-बावीस मिनिटांत वर्सोव्याला पोचते, आणि तुमच्या कानातलं कीर्तन असतं दीड तासाचं. उतरायची वेळ येते तेव्हा बुवा जेमतेम पूर्वरंगात शिरलेले असतात. संध्याकाळी परतीच्या गाडीत प्लेयर पुन्हा नमनापासून सुरू झाला, तर काय उपयोग? आपल्याला जागा लक्षात ठेवणारा प्लेयर हवा आहे. तो खोक्यावरच्या मजकुरावरून ओळखता येत नाही, काउंटरवर वाजवून मात्र नक्की ओळखता येतो. चला, टेबलावर जागा करा. क्रम तेवढा मोडू नका.

साहित्य: तुमच्याकडचं तासाभराहून मोठं एक रेकॉर्डिंग, ३२ जीबी किंवा त्याहून लहान मायक्रो एसडी कार्ड, कार्ड रीडर, वायरवाले साधे इयरफोन, कागद-पेन्सिल आणि थोडा वेळ संगणक. स्वतःचा नसेल तर शेजारच्यांचा चालेल.

घरून निघण्याआधी

१. तुम्ही काय काय ऐकता ते कागदावर एकाखाली एक लिहा. कीर्तन, प्रवचन, कथा-कादंबरी, क्लासमध्ये गुरुजींनी परवानगी देऊन रेकॉर्ड करू दिलेली बंदिश, परीक्षेची व्याख्यानं, जे असेल ते. नुसतं ‘सगळंच’ असं लिहू नका. पुढची प्रत्येक पायरी या यादीवर उभी आहे.

२. प्रत्येक ओळीपुढे ‘चालू’ किंवा ‘खूण’ यांतला एक शब्द लिहा. ‘चालू’ म्हणजे जिथे थांबवलं तिथून आपोआप पुढे. ‘खूण’ म्हणजे एकाच फाइलीत हव्या तितक्या जागा टिपून ठेवायच्या आणि मनात येईल तेव्हा त्या जागी उडी मारायची. कीर्तन आणि कथेला ‘चालू’ पुरतं. बंदिशीत मुखडा कुठे, अंतरा कुठे, ती अवघड तान कुठे, हे हवं असेल तर ‘खूण’च लागते. दुकानात या दोन गोष्टींची हमखास गल्लत होते. तुम्ही बुकमार्क मागता आणि समोरचा ‘चालू’ दाखवून मोकळा होतो.

३. खर्चाचा वरचा आकडा ठरवून कागदाच्या कोपऱ्यात लिहा. नवं कार्ड आणि इयरफोन त्यातच धरा, नाहीतर गल्ल्यापाशी हिशेब चुकतो.

४. घरातले ड्रॉवर उघडून जुना अँड्रॉइड फोन सापडतो का बघा. पाठ फुगलेली दिसली तर चार्जिंगला लावू नका. बॅटरी बिघडली आहे, तो फोन ई-कचऱ्यात द्या.

५. फोन धड असेल तर त्यावर खुणा घेणारं एखादं फुकट ॲप टाका. ‘व्हॉइस’ हे खास ऑडिओबुकसाठी बनवलेलं आहे, ‘व्हीएलसी’तही बुकमार्क घेता येतात. ॲप टाकून झालं की सिम काढा आणि फोन विमान मोडवर ठेवा. एक सावधगिरी: सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपची बॅटरी-बचत बंद करा. नाहीतर फोन स्वतःच्या मनाने ॲप बंद करतो आणि तुमची जागा हरवते.

६. चार दिवस हाच फोन वापरून बघा. समाधान झालं तर कृती इथेच संपली; पुढचं वाचायची गरज नाही आणि पैसेही वाचले. मला स्वतःला हा मार्ग फार आवडतो. पण चालत्या गाडीत, एका हातात पिशवी असताना पडद्यावरचं ते इवलंसं चिन्ह बोटाला सापडत नाही, ही तक्रारही खरी आहे. तुमची तीच तक्रार असेल तर पुढे या.

७. यादीतलं किती ऐकणं एखाद्या ॲपच्या वर्गणीतून येतं ते बघून त्या ओळी खोडा. स्टोरीटेलसारख्या ॲपमध्ये उतरवून घेतलेली मराठी पुस्तकं त्या ॲपच्या आतच राहतात, कार्डावर घेऊन दुसऱ्या प्लेयरवर वाजवता येत नाहीत. यादीतल्या सगळ्याच ओळी खोडल्या गेल्या, तर वेगळा प्लेयर घेऊच नका.

८. प्लेयर ज्यांच्यासाठी घ्यायचा त्यांना बारीक पडदा वाचता येतो का, त्यांनाच विचारा. आजोबांची नजर अधू असेल किंवा घरात कुणी दृष्टिहीन असेल, तर साध्या प्लेयरच्या वाटेला जाऊ नका. त्यांच्यासाठी डेझी प्रकारची पुस्तकं वाजवणारे, बोलून सांगणारे प्लेयर असतात. ‘व्हिक्टर रीडर स्ट्रीम’ त्यांतलाच. त्याला ठसठशीत बटणं आहेत आणि खुणेसाठी वेगळं बटण आहे. खरेदीआधी वरळीच्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडकडे किंवा धोबीतलावला झेवियर्स कॉलेजमधल्या दृष्टिहीनांसाठीच्या केंद्राकडे चौकशी करा. छापील अक्षर वाचू न शकणाऱ्यांसाठी ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालयही आहे. त्याची नोंदणी कशी करायची तेही तिथेच विचारून या.

९. तुमच्या रेकॉर्डिंगच्या फाइलींची शेपटं बघा, म्हणजे नावातल्या शेवटच्या टिंबापुढची अक्षरं. ‘एमपी३’ असेल तर निर्धास्त राहा, ती कुठेही वाजते. फोनवर केलेलं रेकॉर्डिंग बहुधा ‘एम४ए’ निघतं आणि व्हॉट्सॲपवर आलेला आवाज ‘ओपस’. या दोन्हींपुढे स्वस्त प्लेयर गप्प बसतो. संगणक शेपूट लपवत असेल तर फाइलीवर उजवं बटण दाबून तिची माहिती उघडा.

१०. कार्ड रिकामं करून ‘फॅट३२’ पद्धतीने फॉरमॅट करा. आधी त्यातले फोटो दुसरीकडे उतरवा. फॉरमॅट म्हणजे पाटी कोरी.

११. कार्डावर चाचणीचं सामान भरा: तासाभराहून मोठी एक ‘एमपी३’ फाइल, फोनवरची एक ‘एम४ए’, देवनागरी नावाची एक फाइल, आणि एका फोल्डरमध्ये क्रमांक दिलेल्या तीन छोट्या फाइली. नुसती गाणी भरून जाऊ नका. तीन मिनिटांच्या गाण्यावर कुठलाही प्लेयर पास होतो.

१२. मोठी फाइल घरीच लावा आणि बरोबर ४० व्या मिनिटाला कोणतं वाक्य येतं ते कागदावर लिहून घ्या. ही पायरी क्षुल्लक वाटेल, पण सगळ्या चाचणीचा कणा हीच आहे. दुकानाच्या गोंगाटात ‘हां, इथेच होतो बहुतेक’ असं वाटायला लागतं, आणि त्या ‘बहुतेक’वर पैसे जातात.

बाजारात

१३. जायला आठवड्यातला कामाचा दिवस निवडा. रविवारी लॅमिंग्टन रोडची बहुतेक दुकानं बंद, वर मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक.

१४. आधी घाटकोपरमध्येच, स्टेशनजवळच्या आणि एम. जी. रोडवरच्या दुकानांत विचारा. जवळ मिळालं तर बदलून आणायला बरं. फक्त एक प्रश्न आधी टाका: ‘खोकं उघडून माझं कार्ड लावू द्याल का?’ नाही म्हणाले तर नमस्कार करून पुढे व्हा, मग मॉलमधलं कितीही चकचकीत दुकान असो.

१५. घाटकोपरमध्ये जमलं नाही तर दादरला उतरून पूल ओलांडा आणि पश्चिम रेल्वेच्या धीम्या गाडीने ग्रँट रोड गाठा. फास्ट गाडीत चढलात तर ती ग्रँट रोडला थांबणार नाही. स्टेशनच्या पूर्वेला बाहेर पडा आणि लॅमिंग्टन रोड विचारा. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलेलं असेल, रस्ता तोच.

१६. दुकानात ‘एमपी३ प्लेयर’ न मागता ‘व्हॉइस रेकॉर्डर’ मागा. बोललेलं ऐकणाऱ्यांसाठी बनवलेलं यंत्र तेच. मागे-पुढे जायची बटणं, वेग कमी-जास्त करणं, तेवढाच भाग पुन्हा पुन्हा वाजवणं आणि खुणा, हे सगळं त्यात असायची शक्यता जास्त. उदाहरणार्थ सोनीचा ‘आयसीडी-पीएक्स४७०’: त्यात मायक्रो एसडी कार्ड बसतं आणि तो ट्रिपल-ए आकाराच्या दोन बारीक सेलवर चालतो, म्हणजे सेल संपले तर स्टॉलवरून नवे घेऊन टाकता येतात. फक्त रेकॉर्डर म्हटलं की दुकानदार पेनात लपवायचं, बटणाएवढं काहीतरी पुढे करतो. ते परत द्या.

१७. रेकॉर्डर खर्चाच्या आकड्याबाहेर गेला तरच साधे प्लेयर काढायला सांगा. त्यांतला एखादा सॅनडिस्कच्या क्लिप मालिकेतला असेल तर लक्षात ठेवा: त्याला जागा आठवते ती ‘ऑडिओबुक्स’ आणि ‘पॉडकास्ट्स’ या फोल्डरांतल्या फाइलींची. ‘म्युझिक’मध्ये टाकलेलं कीर्तन त्याच्या लेखी गाणंच.

जुना वापरलेला क्लिप प्लस किंवा क्लिप झिप कुणी देऊ केला, तर मात्र कान टवकारा. त्यावर ‘रॉकबॉक्स’ नावाची फुकट प्रणाली चढवता येते आणि तिच्यातली बुकमार्कची सोय फार नामी आहे. सेटिंगमध्ये तसं ठरवून दिलं की थांबवताना ‘खूण करू का?’ असं ती स्वतः विचारते आणि अलीकडच्या खुणांची यादीही ठेवते. क्लिप स्पोर्ट आणि क्लिप जॅमवर ती चालत नाही, तेव्हा नाव नीट वाचा. आणि हौस नसेल तर या फंदात पडू नका. नवा घ्या.

काउंटरवर

१८. बंद प्लेयरमध्ये तुमचं कार्ड घाला. चालू यंत्रात घुसवू नका. आणि कार्ड खटकन बसलं नाही तर बळ लावण्याआधी ते उलटं तर नाही ना ते बघा.

१९. प्लेयर चालू करून मोठी फाइल लावा. दुकानातले इयरफोन बाजूला ठेवा, स्वतःचे लावा. भोक ३.५ मिलिमीटरचं आहे की नाही तेही आत्ताच कळेल.

२०. ‘पुढे’चं बटण दाबून धरून ४० व्या मिनिटापर्यंत जा. चांगलं यंत्र आधी हळू आणि मग भरभर पळतं. सगळा वेळ एकाच मुंगीच्या चालीने जात असेल, तर दीड तासाच्या फाइलीत तुमचा अंगठा दुखेल. कागदावरचं वाक्य आलं का? घड्याळ ४० दाखवतंय आणि वाक्य भलतंच, असं झालं तर फाइल बदलत्या बिटरेटची असू शकते. त्यात स्वस्त प्लेयरचा अंदाज चुकतो. हे टिपून ठेवा, उपाय घरी करू.

२१. प्लेयर पूर्ण बंद करा. नुसता पडदा मालवला म्हणजे बंद झाला असं समजू नका, बंदचं बटण दाबून धरा.

२२. सावकाश तीस अंक मोजून तो पुन्हा चालू करा. कीर्तन त्याच वाक्यापासून सुरू झालं पाहिजे. फाइल तीच, पण सुरुवात पहिल्यापासून, असं झालं तर त्याला फक्त फाइलीचं नाव आठवतं, जागा आठवत नाही. दुकानदार म्हणेल, ‘चालतंय ना, साहेब!’ चालतंय, पण तुमच्या कामाचं नाही.

२३. आता दुसरी फाइल मिनिटभर लावून पुन्हा पहिलीवर या. इथे भलेभले प्लेयर गळतात. शेवटची एकच जागा ध्यानात ठेवायची आणि दुसरं काही लावलं की पहिलं विसरायचं, अशी अनेकांची रीत. सकाळी प्रवचन आणि रात्री कादंबरी ऐकणारे असाल, तर या परीक्षेत नापास झालेला प्लेयर घेऊ नका.

२४. मेनूमध्ये खुणेची सोय शोधा. तिचं नाव ‘बुकमार्क’च असेल असं नाही. सोनीच्या रेकॉर्डरमध्ये ‘ट्रॅक मार्क’ असतं, ऑलिंपसमध्ये ‘इंडेक्स’. दुकानदाराला बुकमार्क सापडला नाही, तर ही दोन नावं तुम्ही सांगा.

२५. मोठ्या फाइलीत ४० व्या मिनिटाला पहिली खूण करा. इथे जरा थांबा, कारण सगळ्यात महागडा सापळा हाच आहे. बरेच रेकॉर्डर फक्त स्वतः रेकॉर्ड केलेल्या फाइलीवर पक्की खूण घेतात आणि संगणकावरून आणलेल्या फाइलीवर हात वर करतात. ऑलिंपसमध्ये तर आणखी गंमत आहे. बाहेरून आणलेल्या फाइलीवर तो ‘टेम्प मार्क’ देतो, दिसायला अगदी खुणेसारखी, पण तुम्ही दुसरी फाइल निवडलीत की ती पुसली जाते. म्हणून दुकानदार त्याच्या डेमो रेकॉर्डिंगवर खूण करून दाखवायला लागला, तर त्याला अडवा: ‘माझ्या कार्डातल्या फाइलीवर दाखवा.’

२६. त्याच फाइलीत आणखी दोन ठिकाणी खुणा करा. दुसरी करताना पहिली उडाली, तर एका फाइलीत एकच खूण मिळते असं कागदावर लिहा.

२७. दुसरी फाइल लावा, प्लेयर बंद-चालू करा आणि तिन्ही खुणा शाबूत आहेत का बघा. हे तिन्ही याच क्रमाने करा.

२८. एका खुणेवरून दुसरीवर उडी मारा. किती बटणं दाबावी लागली ते मोजा. चारापेक्षा जास्त लागली तर रियाजाच्या वेळी तुम्ही वैतागाल. तानपुरा लावून बसल्यावर मेनूत शिरायला हात मोकळा कुठे असतो?

२९. यादीत बंदिश किंवा भाषेचे धडे असतील, तर ‘ए-बी रिपीट’ लावून बघा. एका जागी ‘ए’, दुसऱ्या जागी ‘बी’, मधला तुकडा फिरत राहतो. यंत्र बंद केल्यावर ही जोडी बहुधा पुसली जाते. तिला खूण समजू नका.

३०. वेग थोडा वाढवा आणि आवाज ऐका. बोलणं भरभर झालं पाहिजे, पण बुवांचा आवाज चिपमंकसारखा चिरका होता कामा नये. कथा ऐकणाऱ्यांनी ही पायरी टाळली तरी चालेल. परीक्षेवाल्यांनी टाळू नये.

३१. गाणं चालू असताना इयरफोनची पिन उपटा. प्लेयर थांबला तर उत्तम. वाजतच राहिला, तर गर्दीत वायर ओढली गेल्यावर तुमची कथा तुमच्याशिवाय पुढे जाईल. हा दोष खपवून घेता येतो, माहीत मात्र हवा.

३२. ‘होल्ड’ची कळ सरकवून प्लेयर खिशात घाला आणि वरून बटणं चेपा. संध्याकाळी घाटकोपरच्या पुलावर जी चेपाचेपी होते तिचा हा नमुना. कुलूप नसलेला प्लेयर घरी पोचेपर्यंत तीन प्रवचनं बदलून ठेवतो.

३३. आता डोळे मिटून, नुसत्या बोटांनी ‘थांब’, ‘मागे’ आणि ‘खूण’ ही तीन बटणं शोधा. सगळी बटणं सपाट आणि एकसारखी असतील तर दुसरा दाखवायला सांगा. पडद्याला बोट लावून चालवायचाच प्लेयर घ्यायचा, तर ड्रॉवरमधल्या फोनने काय घोडं मारलं होतं?

३४. देवनागरी नावाची फाइल पडद्यावर कशी दिसते ते बघा. चौकोन-चौकोन दिसले तर घाबरू नका, नाव रोमन अक्षरांत बदललं की भागतं. फाइल वाजलीच नाही, तर मात्र कागदावर फुली मारा. ‘एम४ए’चंही असंच.

३५. चार्जिंगचं भोक किंवा सेलचा कप्पा उघडून बघा. घरातल्या फोनचीच ‘सी टाइप’ वायर लागत असेल तर चांगलं. फक्त त्याच कंपनीची खास वायर लागत असेल, तर जपून.

३६. कागद समोर ठेवा आणि दुसऱ्या पायरीतल्या शब्दांशी निकाल ताडून बघा. सगळ्या ओळी ‘चालू’च्या असतील तर २२ आणि २३ पास झालेला सगळ्यात स्वस्त प्लेयर घ्या, खुणांसाठी जादा पैसे मोजू नका. एक जरी ओळ ‘खूण’ची असेल, तर २५ ते २८ पास झालेलाच. रंग, गाण्याचा बास, ‘इतक्या हजार गाण्यांची जागा’, हे दुकानदार पुन्हा काढेल. ऐकून घ्या आणि कागद बघा.

३७. ज्या नगावर चाचणी केलीत तोच नग मागा आणि त्याचा क्रमांक घातलेलं पक्कं जीएसटी बिल घ्या. ‘आतून नवा देतो’ म्हणाले, तर नव्यावर निदान २२ आणि २५ या पायऱ्या पुन्हा करा. कार्ड काढून घ्यायला विसरू नका. तुमचं चाचणीचं कार्ड बहुतेक वेळा दुकानातच राहतं.

घरी आल्यावर

३८. नवं कार्ड घेतलं असेल तर आधी ते पूर्ण काठोकाठ भरा आणि शेवटच्या फाइली वाजवून बघा. नकली कार्डावर ६४ जीबी लिहिलेलं असतं, आत जागा भलतीच कमी. जिथे खरी जागा संपते, तिथून पुढचं सगळं बिघडतं. दोष सापडला तर बिल घेऊन त्याच आठवड्यात जा.

३९. मोठं रेकॉर्डिंग संगणकावर ‘ऑडॅसिटी’ या फुकट सॉफ्टवेअरमध्ये उघडा. ‘एम४ए’ उघडत नसेल तर त्याला ‘एफएफएमपेग’ ही जोडणी लागते. मूळ फाइलीची एक प्रत आधीच वेगळी ठेवा.

४०. डावा-उजवा आवाज एकत्र करून मोनो करा. फोनवरचं कीर्तन पुष्कळदा एकाच कानात ऐकू येतं, ते याने सरळ होतं.

४१. दर १,२०० सेकंदांवर लेबल टाका. ठराविक अंतरावर लेबलं आपोआप टाकायची सोय ऑडॅसिटीत आहे. वीस-वीस मिनिटांचे तुकडे होतील, घाटकोपर ते वर्सोवा साधारण एक तुकडा. खुणांची सोय तुटपुंजी असेल तर हे तुकडेच तुमच्या खुणा. फक्त तुकडा वाक्याच्या मधोमध पडत नाही ना ते ऐका आणि लेबल थोडं सरकवा.

४२. लेबलांप्रमाणे वेगवेगळ्या फाइली ‘एमपी३’मध्ये उतरवा, बिटरेट स्थिर ठेवून ६४. बोलण्याला एवढा पुरतो आणि एका तासाला जेमतेम २९ एमबी लागतात, म्हणजे ३२ जीबीच्या कार्डावर हजार तासांहून जास्त. बंदिशीसाठी १२८ ठेवा, तासाला ५८ एमबी. ‘बदलता’ हा पर्याय चुकूनही नको. २० व्या पायरीतली उडीची चूक त्यानेच होते.

४३. फाइलींची नावं इंग्रजी आकड्यांनी सुरू करा आणि एक अंकी आकड्याआधी शून्य द्या. शून्य नसेल तर बऱ्याच प्लेयरमध्ये पहिल्यानंतर दहावा तुकडा वाजतो आणि कथेतला खून होण्याआधीच खुनी सापडतो.

४४. सगळा फोल्डर एकदम उचलून रिकाम्या कार्डावर टाका. काही प्लेयर नावांचा क्रम बघतच नाहीत, ज्या क्रमाने फाइली कार्डावर आल्या त्याच क्रमाने वाजवतात. विंडोजमध्ये सुट्या फाइली निवडून ओढत असाल तर पहिल्या फाइलीला धरूनच ओढा. जिला धराल ती आधी जाते.

४५. ‘इजेक्ट’ करूनच कार्ड काढा.

४६. प्लेयरवर दोन-तीन खुणा करा, मग कार्डावर एक नवी फाइल घालून त्या खुणा टिकल्या का बघा. काही यंत्रं नवीन सामान आलं की सगळी यादी पुन्हा बांधतात आणि त्या घाईत जुन्या जागा विसरतात. तुमचं तसं निघालं तर चालू असलेलं पुस्तक संपेपर्यंत कार्डाला हात लावू नका.

४७. खुणा केलेल्या फाइलीचं नाव आणि फोल्डर यापुढे बदलू नका. खूण त्या नावालाच चिकटलेली असते. रॉकबॉक्समध्ये तर फोल्डरशेजारी खुणांची वेगळी छोटी फाइल बसलेली दिसेल. तीही कचरा समजून उडवू नका.

४८. प्लेयरच्या खोक्यात एक चिठ्ठी ठेवा आणि प्रत्येक खुणेपुढे तिथे काय आहे ते लिहा: ‘०३ – १२ मि. – अंतरा’, ‘०७ – ४ मि. – दृष्टांत’. साध्या प्लेयरमध्ये खुणेला नाव देता येत नाही, नुसते ‘१, २, ३’ दिसतात, आणि पंधरा दिवसांनी त्यांतला दोन कशासाठी होता ते कुणालाच आठवत नाही. खुणांची मर्यादा भरत आली की याच चिठ्ठीवरून कामाच्या नसलेल्या खुणा पुसा. पुसताना एकेकच पुसा. ‘सगळ्या पुसू का?’ असं यंत्र विचारतं तेव्हा उत्तर ‘नाही’.